लेखी करार नसलेली नोकरी सोडताना : सांगलीत कोणती सेवा खरंच कामाला येते

मार्केट यार्डातली अडत दुकानं, कुपवाड एमआयडीसीतली छोटी वर्कशॉप, मिरजेतली खासगी हॉस्पिटलं, तासगाव भागातली बेदाण्याची कोल्ड स्टोरेज, विश्रामबागेतली शोरूम. इथल्या कितीतरी नोकऱ्या तोंडी शब्दावर चालतात. "सोमवारपासून ये, सुरुवातीला बारा हजार" एवढ्यावर माणूस रुजू होतो आणि सात-आठ वर्षं काम करतो. सोडायची वेळ आली की शेठ म्हणतात, "राजीनामा घेत नाही", "आधी उचल फेड", "तीन महिने आधी सांगायला पाहिजे होतंस". मग माणूस कुणाकडे तरी जातो. कोर्टाबाहेरच्या टायपिंगवाल्याकडे, पोस्टात, पीएफचं काम करून देणाऱ्या सेवा केंद्रात, कामगार कार्यालयात. या सगळ्या सेवांचं हे परीक्षण आहे. कसोटी एकच ठेवली आहे : काम झाल्यावर तुमच्या हातात कोणता कागद राहतो?

निकाल आधीच सांगून टाकतो. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगाची सेवा पोस्टाची. स्टँप पेपरवर नोटरी करून घेतलेला राजीनामा म्हणजे पैसे वाया. पीएफचं पोर्टल चांगलं आहे, पण घाईत एक बटण चुकीच्या वेळी दाबलं तर महिनोन्‌महिने निस्तरावं लागतं. कामगार कार्यालयाकडे अधिकार भरपूर आहेत. तिथे रिकाम्या हाताने गेलं तर मात्र फेऱ्याच होतात.

कायद्याचं थोडक्यात. १८७२ च्या करार कायद्यानुसार तोंडी करारही करारच असतो. आणि १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्यामुळे नोकरीसारखा व्यक्तिगत सेवेचा करार कोर्ट सक्तीने पाळायला लावत नाही. म्हणजे खासगी नोकरीत "राजीनामा नामंजूर" म्हणून शेठ तुम्हाला खुर्चीला बांधून ठेवू शकत नाहीत. नोटिशीची मुदत ठरलेलीच नसेल तर वाजवी मुदत द्यावी, एवढीच अपेक्षा राहते. महिना पगारावरच्या कामाला एक महिना हा सर्वमान्य रिवाज आहे आणि कारखान्यांच्या आदर्श स्थायी आदेशांतही (नोकरीच्या अटींच्या सरकारी नमुन्यातही) कायम, मासिक पगाराच्या कामगारासाठी एक महिनाच धरलेला आहे. तीन महिन्यांची अट आहे असं मालकाचं म्हणणं असेल, तर ती कुठे आणि कधी ठरली ते त्यांनी दाखवायचं. "सांगलीत दुसऱ्या कुठल्या दुकानात लागायचं नाही" ही अट तर लेखी असली तरी नोकरी सुटल्यानंतर टिकत नाही. करार कायद्याचं कलम २७ त्याच्या आड येतं.

"माझा करारच नाही" असं म्हणण्याआधी मात्र आठवून बघा. रुजू होताना एखादा छापील फॉर्म, बाँड, कोरा कागद किंवा कोरा चेक सही करून दिला होता का? मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा दोन लाखांचा बाँड वैध ठरवला. तो बाँड लेखी होता, त्यामुळे तोंडी नोकरीला तो निकाल लावून कुणी घाबरवत असेल तर घाबरू नका. पण सही केलेला कागद तिकडे पडून असेल, तर त्याचा उल्लेख राजीनाम्यात करावाच लागतो. तो कसा, ते पुढे येतं.

टायपिंग सेंटर आणि स्टँप पेपर

कोर्ट आणि कचेऱ्यांच्या आसपासच्या टायपिंग सेंटरांत राजीनाम्याचा मसुदा तयार मिळतो. टायपिंग नीटनेटकं असतं, मराठी शुद्ध असतं आणि काम लगेच होतं. अडचण मसुद्यात आहे. वर्षानुवर्षं तोच साचा चालत आला आहे आणि तो मालकाच्या सोयीचा आहे.

त्या साच्यातली तीन वाक्यं काढून टाकायला सांगा. पहिलं : "तरी माझा राजीनामा मंजूर करावा ही नम्र विनंती." विनंती केली की मंजुरीची वाट बघणं आलं आणि शेठ "मी मंजूर केलाच नाही" म्हणायला मोकळे. त्याऐवजी "मी अमुक तारखेस कामाची वेळ संपल्यावर नोकरी सोडत आहे" असं सरळ कळवायचं. दुसरं : "माझे कोणतेही येणे बाकी नाही." हे वाक्य सगळ्यात महागात पडतं. पगार, रजा, बोनस, ग्रॅच्युइटी यातलं काहीच हातात आलेलं नसताना माणूस सही करतो आणि पुढे तोच कागद त्याच्यासमोर धरला जातो. येणं मिळाल्याची सही पैसे खात्यात आल्यावर वेगळ्या पावतीवर करायची असते. राजीनाम्यात तिला जागा नाही. तिसरं : "घरगुती कारणास्तव." कारण देणं बंधनकारक नाही. पगार थकल्यामुळे किंवा पीएफ न भरल्यामुळे सोडत असाल, तर खोटं घरगुती कारण लिहून स्वतःचीच बाजू कमजोर करू नका. खरं कारण एका वाक्यात लिहा, नाहीतर कारणच लिहू नका.

स्टँप पेपरचा आग्रह धरला तर नम्रपणे नाही म्हणा. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० आणि २०० रुपयांच्या मुद्रांकाच्या जागी किमान ५०० रुपये झाले आहेत. राजीनाम्याला मुद्रांकच लागत नाही. नोटरीही लागत नाही. साध्या ए-फोर कागदावर हाताने लिहिलेलं, तारीख आणि सही असलेलं पत्र तेवढंच चालतं. नोटरीचा शिक्का सही तुमचीच आहे एवढं सांगतो. पत्र मालकाला मिळालं का, हा खरा वादाचा मुद्दा असतो आणि त्यावर तो शिक्का काहीच सांगू शकत नाही.

आता पत्रात काय हवं. ज्या नोकरीचा नेमणुकीचा कागद नाही, त्या नोकरीत राजीनामा हाच बहुतेक वेळा पहिला लेखी कागद असतो. म्हणून नेमणूकपत्रात जे असायला हवं होतं, ते यात लिहून टाकायचं. मजकूर असा असू शकतो :

"मी आपल्या आस्थापनेत दि. १ जून २०१८ पासून हिशेबनीस म्हणून सलग काम करत आहे. माझा सध्याचा मासिक पगार रु. १६,००० असून तो दरमहा १० तारखेच्या आसपास मिळतो, पैकी रु. १०,००० बँक खात्यात जमा होतात व रु. ६,००० रोख मिळतात. मला नेमणूकपत्र दिलेले नाही. मी दि. ३१ मार्च रोजी कामाची वेळ संपल्यावर नोकरी सोडत आहे. तोपर्यंत नेहमीप्रमाणे काम करीन आणि माझ्या ताब्यातील वस्तू व कागद सोबतच्या यादीप्रमाणे परत देईन. माझा शेवटच्या दिवसापर्यंतचा पगार, शिल्लक रजेचा पगार, बोनस आणि ग्रॅच्युइटी यांचा हिशेब करून रक्कम द्यावी. रुजू होताना माझ्याकडून घेतलेला सहीचा कोरा चेक क्र. ------ परत करावा. त्या चेकपोटी माझ्याकडे कोणतेही देणे नाही."

शेवटची दोन वाक्यं अर्थातच चेक दिला असेल तरच. मूळ गुणपत्रिका किंवा दाखले ठेवून घेतले असतील तर त्यांचीही नावं इथेच लिहायची.

उचल असेल तर ती लपवू नका. "आजअखेर माझ्याकडे उचलीपोटी रु. ८,००० शिल्लक आहेत" असं आपणच लिहिलं की आकडा ठरून जातो. नाही लिहिलं तर पुढे शेठच्या वहीत तोच आकडा अठ्ठावीस हजार निघण्याचा धोका राहतो, आणि ती वही तुमच्या हातात नसते. उचल कापून घेता येते, पण वेतन संहितेनुसार (पगाराचा नवा केंद्रीय कायदा) एका वेतन कालावधीतली सगळी कपात मिळून पगाराच्या निम्म्याहून जास्त होऊ शकत नाही. उचलीसाठी अख्खा महिन्याचा पगार दाबून धरणं नियमात बसत नाही.

वस्तूंची यादी हा भाग टायपिंग सेंटरवाले कधीच सुचवत नाहीत, आणि लहान गावात तोच सगळ्यात जपायचा. दुकान सोडणाऱ्यावर चोरीचा आळ घालणं सोपं असतं. दुकानाच्या किल्ल्या, गल्ल्यातली रोख शिल्लक, पावतीपुस्तकं कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंत, कंपनीचं सिमकार्ड, टॅलीचा पासवर्ड, गाडीची चावी आणि किलोमीटरचा आकडा, गोदामातल्या पोत्यांची मोजणी. सगळं दोन प्रतींत लिहून चार्ज घेणाऱ्याची सही घ्या. सही देत नसेल तर वस्तूंचा फोटो काढून त्याच दिवशी शेठच्या व्हॉट्सअॅपवर यादीसह पाठवा.

टायपिंग सेंटरला टायपिंगसाठी पैसे द्या, सल्ल्यासाठी नको.

पत्र कुणाच्या नावाने

इथे बरेच जण अडकतात. नेमणूकपत्र नाही म्हणजे खरा मालक कोण हेही कागदावर माहीत नसतं. पाटीवर एक नाव, पगार दुसऱ्याच फर्मच्या खात्यातून, आणि पीएफ असेल तर तो तिसऱ्याच लेबर कॉन्ट्रॅक्टरच्या नावावर. तीन ठिकाणी बघा. एक, बँकेच्या स्टेटमेंटमध्ये पगार कुणाच्या नावाने येतो. दोन, पीएफच्या पासबुकात आस्थापनेचं नाव काय आहे. तीन, दुकानात लावलेलं जीएसटीचं प्रमाणपत्र. ते दर्शनी भागात लावणं आणि पाटीवर जीएसटी क्रमांक लिहिणं नियमाने सक्तीचं आहे. तो क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर लॉगिन न करता शोधता येतो आणि फर्मचं कायदेशीर नाव व मुख्य ठिकाणाचा पत्ता मिळतो. नावं वेगवेगळी निघाली तर सगळ्यांना एकेक प्रत पाठवा.

पोस्ट : नोंदणीसह स्पीड पोस्ट

आधी हातोहात द्यायचा प्रयत्न करा. दुसऱ्या प्रतीवर "पोच" म्हणून सही, तारीख आणि शिक्का मिळाला तर काम झालं. नाही मिळाला तर त्याच दिवशी पोस्टात जा. वाद घालत बसू नका.

"रजिस्टर एडी" आता त्या नावाने मिळत नाही, हे अजून अनेकांना माहीत नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. काउंटरवर "स्पीड पोस्ट, नोंदणीसह, पोहोच पाहिजे" असं स्पष्ट सांगावं लागतं. नुसतं "स्पीड पोस्ट" म्हटलंत तर साधं स्पीड पोस्ट होतं आणि ते त्या पत्त्यावर असलेल्या कुणाकडेही दिलं जाऊ शकतं. नोंदणी घेतली की पत्र ज्याच्या नावाचं आहे त्याला किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसालाच देतात.

१ ऑक्टोबर २०२५ पासूनच्या दरांत ५० ग्रॅमपर्यंतच्या पत्राला स्थानिक १९ रुपये आणि बाहेरगावी ४७ रुपये आहेत. नोंदणीचे ५ रुपये वेगळे, आणि या सगळ्यावर जीएसटी. म्हणजे नोंदणीसह स्थानिक पत्र साधारण २८ रुपयांत आणि बाहेरगावचं साधारण ६१ रुपयांत जातं; पोहोचेचं शुल्क त्यावर. नेहमीच्या ७५ जीएसएमच्या ए-फोर कागदाचं वजन पाच ग्रॅमच्या आत असतं. राजीनामा, यादी आणि एखादं जोडपत्र पाकिटासकट ५० ग्रॅममध्ये आरामात बसतं. वजन वाढेल म्हणून यादी वगळू नका.

ओटीपीची आणखी एक सोय पाच रुपयांत मिळते : घेणाऱ्याने मोबाइलवर आलेला आकडा सांगितला तरच पत्र द्यायचं. ऐकायला पक्कं वाटतं, पण राजीनाम्यासाठी ती घेऊ नका. पत्र टाळायचं असणारा माणूस आकडा सांगणारच नाही आणि तुमचं पत्र कुणी नाकारलं हेही स्पष्ट होणार नाही. नोंदणीचं पत्र त्याने हातात घ्यायला नकार दिला, तर पोस्टमन पाकिटावर तसा शेरा मारतो आणि तो शेरा तुमच्या बाजूने बोलतो. योग्य पत्ता लिहून, पैसे भरून नोंदणीने पाठवलेलं पत्र पोहोचलं असं कायदा गृहीत धरतो. नाकारल्याचा शेरा असला तर "मला कळलंच नाही" हे म्हणणं सहसा टिकत नाही. पोहोचलं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी मग समोरच्यावर येते.

म्हणून परत आलेलं पाकीट उघडू नका. घरी आल्यावर पहिली चूक हीच होते. शेरा, तारीख आणि पोस्टाचे शिक्के असलेलं ते बंद पाकीट जसंच्या तसं प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. ते उघडायचं असेल तर कोर्टात किंवा अधिकाऱ्यासमोर. शेरा नीट वाचा मात्र. "नकार" असेल तर उत्तम. "दार बंद" किंवा मुदतीत सोडवून नेलं नाही असं असेल तर दुकानाच्या वेळा बघून पुन्हा एकदा पाठवा. "पत्ता अपुरा" असेल तर चूक आपली. त्या पत्राचा उपयोग होणार नाही. कुपवाड एमआयडीसीत हे नेहमी होतं, कारण लोक नुसतं "एमआयडीसी, सांगली" लिहितात. प्लॉट नंबर, ब्लॉक आणि बरोबर पिन लिहा : सांगली ४१६४१६, मिरज ४१६४१०, कुपवाड ४१६४३६.

या सेवेची एक खरी उणीव आहे. पाकीट पोहोचल्याचा पुरावा मिळतो, आत काय होतं याचा नाही. "कोरा कागद आला होता" असं सांगणारे निघतात. यावर उपाय असा की पत्रावर स्पीड पोस्टचा १३ अक्षरांचा क्रमांक आधी लिहिता येत नसला, तरी पोस्ट केल्यावर लगेच सही केलेल्या पत्राचा आणि पावतीचा फोटो एकत्र काढून शेठच्या व्हॉट्सअॅपवर आणि असेल तर ईमेलवर पाठवावा. तारीख, वेळ, क्रमांक आणि मजकूर चारही एका जागी येतात. तो संदेश फोनमधून पुसू नका, फोनही विकू नका. पुढे पुरावा द्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं आणि मूळ फोन जवळ असलेला बरा. पोस्टाच्या संकेतस्थळावरची ट्रॅकिंगची नोंदही कायम राहत नाही. पत्र पोहोचल्याचं दिसलं की त्याच आठवड्यात त्या पानाची प्रिंट काढून पावतीला टाचा. पावती उन्हात आणि खिशात पुसट होते, तिची झेरॉक्स वेगळी ठेवा.

एवढ्या कमी पैशांत एवढं भक्कम काम करणारी दुसरी सेवा सांगलीतच काय, साताऱ्यातही सापडणार नाही.

पीएफचं पोर्टल

वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला पीएफ लागू होतो. तुमचा पीएफ कापला जात असेल तर राजीनामा द्यायच्या आधी पासबुक बघा, नंतर नाही. पगारातून कापलेला प्रत्येक महिना तिथे जमा दिसतो का? नसेल तर आधी त्याची तक्रार ईपीएफ-आयजीएमएस या पीएफच्या तक्रार पोर्टलवर नोंदवा. कारण पुढचं सगळं त्या शेवटच्या जमा महिन्यावर अवलंबून आहे.

पूर्वी नोकरी सोडल्याची तारीख मालकानेच भरावी लागायची आणि रागावलेला मालक ती भरायचाच नाही. आता सदस्य स्वतः भरू शकतो. लॉगिन करून "मॅनेज" मेनूतलं "मार्क एक्झिट" उघडायचं, आस्थापना निवडायची, तारीख आणि कारण भरायचं, आधारशी जोडलेल्या मोबाइलवरचा ओटीपी टाकायचा. पत्र नाही, सही नाही, कुणाच्या पाया पडणं नाही. तोंडी नोकरीवाल्यासाठी ही फार मोठी सोय आहे आणि तिचं मनापासून कौतुक करायला हवं.

अटी दोन. शेवटचं योगदान जमा झाल्यापासून दोन महिने थांबावं लागतं. आणि तारीख त्या शेवटच्या योगदानाच्या महिन्यातलीच द्यावी लागते. इथेच माणसं फसतात. समजा तुम्ही मार्चअखेर काम केलं, पण मालकाने पीएफ डिसेंबरपर्यंतच भरला. घाईने एक्झिट मारली तर तारीख डिसेंबरची पडते आणि जानेवारी ते मार्चची सेवा आपल्याच हाताने वगळली जाते. अशा वेळी आधी तक्रार, मग एक्झिट. एकदा भरलेली तारीख पुन्हा बदलायला मालकाची मदत लागू शकते, आणि ती मिळत नाही म्हणूनच तर आपण इथवर आलेलो असतो.

सेवा केंद्रातून हे काम करून घेणाऱ्यांनी एवढं सांभाळावं : ओटीपी आपल्या समोर टाकला जावा, पासवर्ड नंतर बदलावा आणि "सगळे पैसे काढून देतो" याला लगेच हो म्हणू नये. नवी नोकरी पीएफची असेल तर पैसे काढण्यापेक्षा जुनं खातं नव्यात वर्ग करणं हिताचं. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. १०-सी हा फॉर्म भरून पेन्शनची रक्कम उचलली की ती वर्षं मोजणीतून जातात. पाच वर्षांच्या आत ५० हजारांवर रक्कम काढली तर कर कापला जातो. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने पैसे काढण्याचे नियम बदलायचं ठरवलं : नोकरी गेल्यावर ७५ टक्के लगेच, उरलेले बारा महिन्यांनी, पेन्शनची रक्कम छत्तीस महिन्यांनी. म्हणून "दोन महिन्यांत सगळे मिळतात" हा जुना सल्ला धरून कर्जाचे हप्ते ठरवू नका. अर्ज करताना पोर्टलवर दिसणारी अट वाचा.

नाव किंवा जन्मतारीख आधारशी जुळत नसेल तर ती दुरुस्ती नोकरीत असतानाच करून घ्या. सांगली जिल्ह्याचं पीएफचं काम कोल्हापूरच्या कार्यालयाकडे आहे, पण प्रत्येक वेळी कोल्हापूर गाठायची गरज नाही. दर महिन्याच्या २७ तारखेला प्रत्येक जिल्ह्यात "निधी आपके निकट" शिबिर होतं. अडलेलं प्रकरण कागदांसह तिथे मांडा.

ईएसआय म्हणजे कामगार विमा योजनेबद्दल एवढंच : कार्ड नोकरी सुटली त्या दिवशी बंद होत नाही. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचा लाभ ठरतो, आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरचा. घरात उपचार चालू असतील तर राजीनाम्याची तारीख याकडे बघून ठरवा.

कामगार कार्यालय

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुने कामगार कायदे एकत्र करून केलेल्या चारही कामगार संहिता लागू झाल्या आणि तोंडी नोकरीवाल्याची बाजू पूर्वीपेक्षा बळकट झाली. वेतन संहितेत कर्मचाऱ्याची व्याख्याच अशी आहे की नोकरीच्या अटी स्पष्ट ठरलेल्या असोत वा गृहीत धरलेल्या, तो कर्मचारीच. राजीनामा दिलेल्या माणसाचा पगार दोन कामकाजी दिवसांत द्यायचा आहे. जुन्या वेतन कायद्यात ही मुदत मालकाने काढून टाकलेल्यांपुरती होती. पगार दिला की नाही यावर वाद झाला तर दिल्याचं सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे, आणि अधिकारी थकलेल्या रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देववू शकतात. शिवाय दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत नेमणूकपत्र देणं मालकाची जबाबदारी आहे, जुन्या माणसांनासुद्धा. "तुझ्याकडे कागद कुठे आहे?" असं मालकाने विचारलं तर तो प्रश्न खरं म्हणजे त्यांनाच लागू होतो.

एवढं असूनही कार्यालयातून हात हलवत परतणारे दिसतात, कारण ते तक्रार तोंडी सांगतात. अर्ज दोन प्रतींत न्या, आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. सोबत राजीनाम्याची प्रत, पोस्टाची पावती, एक वर्षाचं बँक स्टेटमेंट, हजेरीचे किंवा पगाराचे व्हॉट्सअॅप संदेश, तुमच्या सहीची चलनं, ईएसआय कार्ड आणि एका पानावर हिशेब जोडा. हिशेब तयार असला की तक्रारीला आकार येतो आणि मालकालाही आकड्यावर बोलावं लागतं.

हिशेबात काय धरायचं? शेवटच्या दिवसापर्यंतचा पगार. शिल्लक रजा : २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा लागू असेल तिथे वर्षात २४० दिवस भरले की दर वीस दिवसांमागे एक रजा, साठा ४५ दिवसांपर्यंत. बोनस : वीस किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेत वर्षात ३० दिवस काम केलेल्यालाही तो मिळतो, किमान ८.३३ टक्के. दिवाळीआधी सोडलं म्हणून गेल्या हिशेबी वर्षाचा बोनस बुडत नाही. आणि दहा किंवा जास्त माणसं असतील व पाच वर्षं सलग झाली असतील तर ग्रॅच्युइटी : शेवटचा पगार गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १४,००० आणि सेवा सात वर्षं आठ महिने असेल, तर सहा महिन्यांवरचं वर्ष पूर्ण धरून आठ वर्षं होतात आणि रक्कम ६४,६१५ रुपये येते. एवढे पैसे "हिशेब मिटला" म्हणून सोडून देणारी माणसं या जिल्ह्यात आहेत, याचं फार वाईट वाटतं. ग्रॅच्युइटीसाठी वेगळा लेखी अर्ज करा. मालकाने तीस दिवसांत द्यायची असते, त्यानंतर व्याज चढतं.

या सेवेचं दुखणं वेळ. पहिल्या तारखेला मालक येत नाही, दुसऱ्या तारखेला प्रतिनिधी पाठवतो. प्रत्येक तारखेला हजेरीची नोंद करून घ्या. तुमची गैरहजेरी पडली की प्रकरण निकाली काढायला कारण मिळतं.

वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. औद्योगिक कामगार, महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांना महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख आहे. फोन १५१००. कोरा चेक अडकला असेल, चोरीचा आळ आला असेल, तर हा फोन पहिल्याच दिवशी करा.

राहिला अनुभवाचा दाखला. शेठ रागात असले की तो मिळत नाही आणि त्यासाठी लोक "येणे बाकी नाही" वर सही करून बसतात. तो सौदा करू नका. पीएफचं पासबुक असेल तर त्यात आस्थापनेचं नाव आणि महिने दिसतात, बँक स्टेटमेंटमध्ये पगार दिसतो, आणि पोच घेतलेल्या राजीनाम्यात पद आणि रुजू झाल्याची तारीख असते. नव्या ठिकाणी हे तीन कागद एकत्र लावून द्या.